सातासमुद्रांपलीकडील नातवंडें

श्रोतेहो, आमच्या वाईस कृष्णेच्या घाटावर संध्याकाळीं चारसहा निवृत्त मंडळी जमतात. पूर्वीं त्यांच्या बोलण्यांत पाऊसपाणी, हळदीचा भाव आणि जुने विद्यार्थी एवढेच विषय असत. हल्लीं त्यांत एक नवा विषय शिरला आहे. कोणाचा नातू बोस्टनला पहिलीं पावलें टाकूं लागला. कोणाच्या नातीचा पहिला दांत सिंगापुरास पडला. कोणाची सून मुलांना घेऊन मेलबर्नहून येणार होती, ती रजा न मिळाल्यामुळें आली नाहीं. प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनीचें यंत्र आहे, आणि त्या वीतभर कांचेंत प्रत्येकाचें अर्धें घर आहे.

अशा घरांपैकींच एक माझें. माझें शिक्षण बेताचें, म्हणजे मॅट्रिकपर्यंतचें. पुढें अध्यापनाची पदविका घेऊन मीं जन्मभर मुलें शिकविलीं. त्यामुळें मुलांना इतिहास कसा सांगावा, हें आपणांस कळतें, असा माझा समज होता. तो समज लंडनमध्यें माझ्या सहा वर्षांच्या नातीनें दूर केला. ती फजिती आणि तींतून मी जें शिकलों तें, आज आपणांस सांगणार आहें.

सन २०२४ च्या एप्रिलांत आम्ही उभयतां चिरंजीवांकडे गेलों. पाहुण्यांस तेथें एका वेळीं सहा महिने राहातां येतें. म्हणजे ऑक्टोबरांत परतणें प्राप्त होतें. परदेशांतील संसाराविषयीं आपल्याकडे दोन टोकांच्या कल्पना आहेत. एक, तेथें सुखच सुख आहे. दुसरी, तेथें गेलेलीं मुलें हातचीं गेलींच. सहा महिने जवळून पाहिल्यावर मला दोन्ही खोट्या वाटल्या. सकाळीं साडेसातास घरांत एकच पळापळ होते. भांडीं घासण्यास, केर काढण्यास, मुलाला सांभाळण्यास तिसरें माणूस नाहीं. सूनबाई एका हातानें डबा भरतात, चिरंजीव दुसऱ्या खोलींत धाकट्याचे मोजे शोधतात. आपल्याकडे जें काम सहासात माणसांत वांटलें जाई, तें तेथें दोघांच्या अंगावर पडतें. हातचें कांहीं जात असेल तर तें मूल नव्हे. मुलाशीं निवांत बोलण्याचा वेळ जातो.

मुलाच्या वाढीचे टप्पे मात्र तेथें मोठ्या काळजीनें नोंदवितात. इंग्लंडांत जन्मलेल्या मुलाच्या नांवें एक तांबडें पुस्तक आईबापांच्या हातीं देतात. वजन, उंची, टोंचलेल्या लशी, आधाराशिवाय बसणें, पहिलें पाऊल, अशा गोष्टींस त्यांत जागा आहे. मूल सुमारें वर्षाचें झालें म्हणजे एकदां, आणि दोन-अडीच वर्षांचें झालें म्हणजे पुन्हा, आरोग्यखात्याची माणसें त्याची वाढ पाहातात. चार वर्षें पुरीं झालीं कीं, येत्या सप्टेंबरांत मूल शाळेंत बसतें. ही व्यवस्था पाहून मला खरोखर कौतुक वाटलें.

आपल्या रीतींतही हे टप्पे आहेतच. फक्त ते पुस्तकांत नसून माणसांत आहेत. बारशाला नांव ठेवण्यास आत्या हवी, उष्टावणाला घांस भरविण्यास मामा हवा, बोरन्हाणाला बोरें लुटण्यास शेजारचीं पोरें हवींत. म्हणजे मुलाची वाढ झाली, ह्याला साक्षीदार हवेत. तेथें टप्पा नोंदला जातो, येथें तो पाहिला जातो. परदेशांतील घरीं नेमकी ही दुसरी बाजू लंगडी पडते. माझ्या नातीचें पहिलें पाऊल मीं कांचेंत पाहिलें. आणि तेंही दुसऱ्या दिवशीं, कारण ज्या क्षणीं तिनें तें टाकलें त्या क्षणीं वाईस मध्यरात्र उलटून गेली होती. धाकट्याचें पहिलें पाऊल मात्र आम्हां दोघांच्या समक्ष पडलें. तो पाळण्याजवळून निघाला आणि चौथ्या पावलास आजीच्या लुगड्याचा पदर धरून उभा राहिला. तेवढ्यासाठीं विमानाचें भाडें वसूल झालें, असें मला वाटलें.

थोरलीची गोष्ट निराळी होती. तिला मराठी सारें समजे, पण उत्तर इंग्रजींत येई. मी विचारीं, “बाळ, जेवलीस कां?” ती म्हणे, “येस, आजोबा.” त्या बोलण्यांत मराठी असा आजोबा एवढाच शब्द उरला होता. माझें इंग्रजी शाळेपुरतें. ती शाळेंतील गंमत भराभर सांगूं लागली कीं मी हंसून मान डोलवीं. आणि आपल्या आजोबांना कांहीं समजलेलें नाहीं, हें तिला चटकन् समजे. मग ती बोलणें आटोपतें घेई. आणखी दहा वर्षांनीं ही मुलगी आणि मी एकमेकांशीं काय बोलणार, ह्या विचारानें मला कित्येक रात्रीं झोंप आली नाहीं.

ह्यावर उपाय म्हणून मीं इतिहास हातीं घेतला. पहिल्याच शनिवारीं तिला लंडनच्या प्रसिद्ध किल्ल्यांत, टॉवरमध्यें, नेलें. तेथें राजघराण्याचीं रत्नें ठेविलीं असून एका मुकुटांत कोहिनूर हिरा आहे. मीं अर्धा तास त्या हिऱ्याची हकीकत सांगितली. मोगल सांगितले, नादिरशहा सांगितला, रणजितसिंह सांगितला. शेवटीं वर्गांतल्या संवयीनें विचारलें, “काय समजलें?” ती म्हणाली कीं, तिला कावळे पाहावयाचे आहेत. टॉवरमध्यें मोठे काळे डोमकावळे पाळलेले आहेत. ते निघून गेले तर राज्य बुडेल, अशी तेथें समजूत असून निदान सहा तरी कावळे तेथें नेहमीं ठेवितात. कोहिनूर राहिला बाजूला, आणि ती घटकाभर कावळ्यांपाशीं रमली. परततांना आगगाडींत ती झोंपीं गेली. घरीं आल्यावर आमची मंडळी म्हणाली, “अहो, तुम्ही शाळेंतून निवृत्त झालांत, हें त्या पोरीला कोणीतरी सांगायला हवं!”

बोलणें लागलें, पण तें खरें होतें. मीं विचार केला. कावळे तिला कां आवडले? ते जिवंत होते, मोजतां येत होते आणि त्यांच्याविषयीं एक लहानशी गोष्ट होती. माझ्या व्याख्यानांत राजे पुष्कळ होते. परंतु तिनें हात धरावा असें कोणी नव्हतें. तेव्हांपासून मीं एक नियम केला. एका दिवसास एकच स्थळ. एका स्थळीं एकच माणूस. आणि त्या माणसाचा आपल्या गांवाशीं एक धागा. तो धागा तिनेंच शोधून काढावयाचा. मी आधीं सांगावयाचें नाहीं.

मग मीं आमच्या सातारा जिल्ह्याचे धागे लंडनांत शोधूं लागलों, तों ते जागोजाग सांपडूं लागले. त्यांतील तीन आपणांस सांगतों.

पहिला धागा लेडनहॉल स्ट्रीट नांवाच्या रस्त्यावर आहे. तेथें हल्लीं लॉइड्स ह्या विमासंस्थेची लोखंडी व कांचेची प्रचंड इमारत उभी आहे. ती १९८६ मध्यें पुरी झाली. तिचे नळ, जिने व पाळणे सारे बाहेरच्या अंगास काढलेले आहेत. नात पाहातांच म्हणाली कीं, ह्या घरानें सदरा उलटा घातला आहे! ह्याच जागीं पूर्वीं ईस्ट इंडिया कंपनीचें मुख्य कचेरीघर होतें. हिंदुस्थानचें राज्य येथून चाले. कंपनीची सत्ता गेल्यावर तें घर १८६१ च्या सुमारास पाडलें गेलें.

त्या कचेरीच्या पायऱ्या आमच्या साताऱ्याचा एक मनुष्य वर्षानुवर्षें चढला आणि उतरला. त्याचें नांव रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज ह्यांना कंपनी सरकारनें १८३९ च्या सप्टेंबरांत पदच्युत केलें आणि पुढें काशीस नेऊन ठेविलें. त्यांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी वकील म्हणून लंडनास गेले. सन १८४० पासून १८५३ पर्यंत ते तेथें राहिले. अर्ज लिहिले, पुस्तिका छापविल्या, कंपनीच्या भागीदारांच्या सभांतून दाद मागितली. जोसेफ ह्यूम व जॉर्ज टॉमसन ह्यांच्यासारखे इंग्रज गृहस्थही ह्या प्रकरणांत महाराजांच्या बाजूनें बोलले. उपयोग झाला नाहीं. १८४७ मध्यें महाराज काशीस वारले. १८४८ मध्यें, दत्तक नामंजूर करून, साताऱ्याचें राज्यच खालसा करण्यांत आलें. ज्याच्यासाठीं भांडावयाचें तो धनी गेला, ज्याविषयीं भांडावयाचें तें राज्य गेलें. तरी हा वकील आणखी पांच वर्षें तेथें तग धरून होता.

हें सारें मीं नातीला सांगितलें नाहीं. एवढेंच सांगितलें, “आपल्या साताऱ्याहून एक आजोबा येथें आले होते. त्यांच्या राजाचें घर कोणीतरी काढून घेतलें होतें. तें परत द्या, असें सांगायला ते रोज येथें यायचे.” तिनें विचारलें, किती दिवस? मीं म्हटलें, “तुझें वय दुप्पट कर आणि त्यांत एक मिळव.” तिनें बोटें मोजलीं आणि गप्प राहिली. त्या आठवड्यांत तिचा पहिला दांत पडला होता. त्या भोंकांतून जीभ बाहेर काढून ती बराच वेळ त्या उलट्या सदऱ्याच्या घराकडे पाहात राहिली. मग एकदम मराठींत म्हणाली, “आजोबा, त्यांच्या मुलाचा दांत पडला, तर त्यांना कोण सांगितलं?”

श्रोतेहो, “कोण सांगितलं” हें व्याकरणदृष्ट्या अशुद्ध आहे. मीं जन्मभर असल्या वाक्यांखालीं तांबड्या शाईची रेघ ओढली. त्या दिवशीं ओढली नाहीं. सहा महिन्यांत तिनें मला मराठींत विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. आणि तो राजांविषयीं नव्हता, लढायांविषयीं नव्हता, तर मुलाची वाढ पाहाण्यास बाप जवळ नव्हता, ह्याविषयीं होता. त्या काळीं पत्र जाऊन उत्तर येण्यास महिने लागत, एवढेंच मीं तिला सांगितलें. पुढची हकीकत सांगितली नाहीं. ती आपणांस सांगतों. रंगो बापूजी देशीं परतल्यावर १८५७ चा उठाव झाला. त्यांच्यावर कटाचा आळ आला आणि ते जे नाहींसे झाले ते सरकारच्या हातीं लागलेच नाहींत. त्यांचा मुलगा सीताराम मात्र सांपडला. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत साताऱ्याच्या गेंडामाळावर ज्यांना देहान्ताची शिक्षा झाली, त्यांत तोही होता. ज्या बापानें मुलाच्या तरुणपणाचीं वर्षें परमुलखांत घालविलीं, त्याला उरलीं वर्षेंही मुलाजवळ मिळालीं नाहींत. साताऱ्यास जातांना गेंडामाळाचें नांव मीं शेंकडों वेळां ऐकलें असेल; पण त्याचा अर्थ मला लेडनहॉल स्ट्रीटवर कळला.

दुसरा धागा किंग हेन्रीज रोडवरचा. तेथें दहा क्रमांकाच्या घरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्यें राहात असत. तें घर महाराष्ट्र सरकारनें २०१५ मध्यें विकत घेतलें आणि तेथें त्यांचें स्मारक केलें. लंडनच्या विद्यापीठाची एम्. एस्सी. त्यांनीं १९२१ मध्यें व डी. एस्सी. १९२३ मध्यें मिळविली. तेथील खोल्यांतून हिंडतांना नातीनें विचारलें कीं, येथें कोणाची मुलें राहात होतीं? मीं सांगितलें, कोणाचींच नाहीं. हे एकटेच अभ्यास करीत होते, आणि त्यांच्या पत्नी रमाबाई मुंबईस परळच्या चाळींत संसार ओढीत होत्या. मग ती म्हणाली, “आणि वाई?” धागा शोधण्याची तिला आतां गोडी लागली होती.

धागा असा. बाबासाहेबांचें बालपण साताऱ्यास गेलें. राजवाड्यांत भरणाऱ्या सरकारी शाळेंत ७ नोव्हेंबर १९०० ह्या दिवशीं त्यांचें नांव दाखल झालें. तेव्हां ते नऊ वर्षांचे होते. तो दिवस महाराष्ट्रांत आतां विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आणि त्या शाळेला पुढें नांव मिळालें तें प्रतापसिंहांचें. ज्यांच्यासाठीं तें साताऱ्याचे आजोबा लंडनांत तेरा-चौदा वर्षें राहिले, तेच हे प्रतापसिंह महाराज! हें सांगतांच नातीचे डोळे चमकले. “म्हणजे तो राजा आणि हे एकाच शाळेंत?” तिनें विचारलें. “राजा नांवानें, हे पाटीपुस्तक घेऊन,” मीं म्हटलें. मुलाच्या आयुष्यांतील शाळेचा पहिला दिवस हा केवढा मोठा टप्पा असतो, हें तिला कोणी समजावून द्यावयास नको होतें. तिचा तो दिवस दोनच वर्षांपूर्वीं झाला होता.

तिसरा धागा मोठा गमतीचा आहे. साउथ केन्सिंग्टनमधील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत वाघनखें आहेत, हें मला ठाऊक होतें. साताऱ्याचा पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ, ज्यानें मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्यें प्रसिद्ध केला, त्याच्या घराण्याकडून तीं तेथें आलीं. प्रतापगड आमच्या वाईपासून फार दूर नाहीं. तेव्हां वाघनखें नातीला दाखवावीं, अशी माझी फार इच्छा. ऑगस्टांत आम्ही तेथें गेलों, तों कळलें कीं वाघनखें लंडनांत नाहींत. तीं साताऱ्यास गेलीं आहेत! जुलै २०२४ मध्यें तीन वर्षांच्या करारानें तीं महाराष्ट्रांत आणविलीं गेलीं आणि प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयांत ठेविलीं गेलीं, हें वृत्त वाईच्या माणसानें लंडनांत ऐकावें, ही माझी दुसरी फजिती. नात मात्र खदखदां हंसली. “आपण इकडे आलों आणि तीं तिकडे गेलीं!”

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. अफझलखानाच्या भेटीच्या वेळीं, १६५९ मध्यें, शिवछत्रपतींनीं वापरलीं तींच हीं, असें सिद्ध करणारा पुरावा नाहीं, असें त्या संग्रहालयानेंच सांगितलें आहे. तिनें विचारलें, “मग खरीं कशावरून?” मीं सांगितलें, “ठरवितां येत नाहीं. म्हणून आपण ‘असें म्हणतात’ हा शब्द वापरावयाचा.” मुलांना इतिहासाचा अभिमान द्यावा, पण त्याबरोबर हा ‘म्हणतात’ही द्यावा. परदेशांतल्या शाळेंत तिला कोणी उलट प्रश्न केला, तर खोट्या खात्रीपेक्षां खरा संशय तिच्या अधिक उपयोगीं पडेल.

ह्या सहलींनीं घरांत काय बदललें? सर्व कांहीं बदललें, असें मी म्हणणार नाहीं. ती घाईंत असली कीं इंग्रजीच बोले, आणि तें स्वाभाविक आहे. तिच्या मैत्रिणी, तिची शाळा, तिचे खेळ त्या भाषेंत आहेत. परंतु शनिवारची गोष्ट मराठींत सांगितली जाई, म्हणून शनिवारचे प्रश्न मराठींत येऊं लागले. भाषा ही आज्ञेनें बोलवत नाहीं. जें विचारल्यावांचून राहावत नाहीं, तें विचारण्यासाठीं ती बोलली जाते. गणेशोत्सवाच्या वेळीं आम्ही लंडनच्या महाराष्ट्र मंडळांत गेलों. हें मंडळ १९३२ पासून चालूं आहे. तेथें तिनें दुसऱ्या एका मुलीला साताऱ्याच्या आजोबांची गोष्ट सांगतांना मीं ऐकलें. निम्मी इंग्रजी, निम्मी मराठी. पण “तेरा वर्षें” हे शब्द तिनें मराठींतच उच्चारले, आणि चांगले ठांसून.

ऑक्टोबरांत आम्ही परतलों. डिसेंबरांत नाताळच्या सुटींत तीं सारीं वाईस आलीं. पहिल्या आठवड्यांतच साताऱ्यास जाऊन आम्हीं वाघनखें पाहिलीं. मेणवलीस, नाना फडणविसांच्या वाड्यामागें कृष्णाकांठीं, एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती चिमाजी अप्पांनीं १७३९ मध्यें वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांकडून आलेल्या घंटांपैकीं होय. तिच्यावर मेरी व बाल येशू ह्यांची आकृति असून १७०७ हा सन आहे. वाईचीं आम्हीं माणसें ती लहानपणापासून वाजवीत आलों. आकृति निरखून पाहाण्याचें कारण पडलें नाहीं. नातीनें मान वर केली आणि लागलीच ओळखलें. शाळेच्या नाताळांतल्या नाटकांत ती नुकतीच मेंढी झाली होती! तिनें विचारलें, “ही इकडे कशी आली?” आजपर्यंत मी तिला तेथले धागे येथवर आणून देत होतों, त्या दिवशीं तिनें येथला धागा तेथवर नेला.

श्रोतेहो, पूर्वीं परदेशीं जाणारा माणूस एकटा जाई आणि घर येथें वाट पाही. रंगो बापूजींचें घर असें वाट पाहात राहिलें, रमाबाईंचें घर असें वाट पाहात राहिलें. आतां सारें घरच जातें, आणि वाट पाहातो आम्ही म्हातारे. प्रवासाचें मोल घरांतील कोणीतरी मोजीतच असतें. केवळ मोजणारा बदलला आहे. ह्याबद्दल रडत बसावें, असें मला वाटत नाहीं. ज्यांचीं नातवंडें दूर आहेत, त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, तीं राहातात त्या गांवांत आपल्या मातीचें कोण येऊन गेलें, हें शोधून काढा. सांपडलें, तर त्या माणसाची एक लहान गोष्ट तयार ठेवा, आणि व्याख्यान मात्र देऊं नका. मुलाला असें कळूं द्या कीं, ह्या रस्त्यानें आपल्याकडचें कोणी आधीं चाललें आहे. मग तें मूल तेथेंही परकें राहात नाहीं, आणि येथेंही.

जातां जातां एक सांगतों. पडलेला दांत तेथें उशीखालीं ठेवितात आणि सकाळीं त्या जागीं नाणें मिळतें. आपल्याकडे तो उंदराच्या बिळांत टाकून उंदराचे दांत मागतात. नातीनें उशीखालचें नाणेंही घेतलें, आणि दांतही एका डबींत घालून वाईस आणला. मागल्या दारीं तिच्या आजीनें भिंतीजवळचें बीळ दाखविलें. दांत टाकून झाल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, “आजोबा, आतां तुम्हांला कोणी सांगायला नको. तुम्हीं पाहिलंत.”